अप्पासाहेब भोसले : वारसाच्या वादात गमावलेले राज्य

वाराणसी येथे गंगेच्या काठी, शिंदे घाट आणि पंचगंगा घाट यांच्या दरम्यान भोसले घाट आहे. नागपूरच्या भोसले घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो बांधला. घाटाच्या माथ्यावर किल्ल्यासारखा भासणारा दगडी वाडा असून लक्ष्मीनारायणाचे मंदिरही आहे. घाट उभा राहिला तेव्हा नागपूरकर भोसल्यांची सत्ता वऱ्हाडापासून ओडिशाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पसरलेली होती आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत त्यांची फौज निजामाविरुद्ध मराठ्यांच्या बाजूने उतरली होती. त्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी या घराण्याच्या राजाला कंपनी सरकारच्या पहाऱ्यात कैदी म्हणून प्रयागच्या किल्ल्याकडे नेले जात होते. मुधोजी दुसरे ऊर्फ अप्पासाहेब भोसले हे त्या राजाचे नाव.

कारभारी म्हणून आणि राजा म्हणून मिळून अप्पासाहेबांच्या हाती नागपूरची सत्ता जेमतेम दोन वर्षे होती. या अल्पकाळात दोन संशयास्पद मृत्यू, एक गुप्त तह, एक युद्ध, एक शरणागती आणि एक पदच्युती घडली. पुढील बावीस वर्षे त्यांनी परागंदा अवस्थेत काढली. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सीताबर्डीच्या लढाईपुरता त्यांचा उल्लेख येतो. वास्तविक त्या लढाईचा निकाल दीड वर्ष आधी, वारसाच्या वादातच, बऱ्याच अंशी ठरून गेला होता.

घराण्याची जुनी दुखणी

नागपूरच्या गादीवर कोणी बसावे याचा निर्विवाद नियम भोसल्यांच्या घरात कधीच स्थिरावला नाही. राज्याचे संस्थापक पहिले रघुजी १७५५ मध्ये वारले. त्यांना जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी असे चार पुत्र होते. सेनासाहेबसुभा हे घराण्याचे पद औपचारिकरीत्या साताऱ्याच्या छत्रपतींकडून मिळत असे. प्रत्यक्षात मात्र पदाची वस्त्रे पुण्याच्या पेशव्यांच्या हातून येत आणि त्यासाठी नजराणा मोजावा लागे. भावांमध्ये वाद झाला की प्रत्येक पक्षाचे वकील पुण्याची वाट धरीत.

जानोजींना पुत्र नव्हता. त्यांनी धाकटे बंधू मुधोजी यांचे पुत्र रघुजी यांना वारस नेमले. १७७२ मध्ये जानोजी वारले, तेव्हा ही व्यवस्था साबाजींना मान्य झाली नाही. जानोजींच्या पत्नी दर्याबाई साबाजींच्या बाजूने गेल्या. पुण्याच्या दरबारातही फूट होती : नारायणराव पेशव्यांचा कल साबाजींकडे, तर रघुनाथरावांचा मुधोजींकडे. अखेर २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळच्या पाचगाव येथे दोघे भाऊ समोरासमोर आले. मुधोजींचा पराभव होत आला होता. साबाजी हत्तीवरून त्यांना पकडण्यासाठी पुढे सरसावले आणि मुधोजींनी त्यांना गोळी घातली. लढाई तेथेच संपली. अल्पवयीन रघुजींच्या नावाने मुधोजींनी १७८८ पर्यंत कारभार पाहिला.

हे मुधोजी अप्पासाहेबांचे आजोबा. अप्पासाहेब पुढे गादीवर बसले ते याच नावाने.

सनद बाहेरून आणायची आणि निकाल बंदुकीने लावायचा, ही पद्धत एकट्या नागपूरची नव्हती. त्याच काळात युरोपात पोलंडचे राज्य याच वाटेने जात होते. तेथे तर राजाची रीतसर निवडणूक होत असे. उमराव एकत्र जमून मते देत. परंतु हरलेला पक्ष निकाल मान्य करीत नसे आणि शेजारच्या सम्राटांकडे फौजेची याचना करी. १७३३ च्या निवडणुकीतून युरोपभर युद्ध पेटले. १७६४ मध्ये रशियाच्या सैन्याच्या सावलीत राजा निवडला गेला आणि त्यानंतर तीन फाळण्या होऊन १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून नाहीसा झाला. निवडणूक असो वा वारसाहक्क, घरातील निर्णय ज्यांना मान्य नव्हता त्यांनी परक्या फौजेला पंच नेमले, हे साम्य विलक्षण आहे.

वडिलांचा काशीत मृत्यू

अप्पासाहेब हे दुसऱ्या रघुजींचे धाकटे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांचे पुत्र. व्यंकोजींना सेनाधुरंधर हे पद होते आणि चांदा व छत्तीसगड हे प्रदेश त्यांच्याकडे होते. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात २३ सप्टेंबर रोजी असईला पराभव झाल्यानंतर २९ नोव्हेंबरला अडगावच्या रणांगणावर नागपूरच्या फौजेचे नेतृत्व त्यांनीच केले. तेथेही हार झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी रघुजींना देवगावच्या तहावर शिक्कामोर्तब करावे लागले. कटक आणि बालासोर कंपनीकडे गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाच्या पदरात पडले. समुद्राशी असलेला राज्याचा संबंध तुटला आणि उत्पन्नाचा मोठा हिस्सा गेला.

एक गोष्ट मात्र रघुजींनी अखेरपर्यंत दिली नाही. तैनाती फौज स्वीकारण्याचा कंपनीचा आग्रह त्यांनी तेरा वर्षे टाळला. या काळात राज्याची अवस्था बिकट होती. १८०९ मध्ये अमीरखान पठाण चालून आला तेव्हा कंपनीने, रघुजींनी मागणी केलेली नसतानाही, मदतीची फौज पाठविली. त्यामागचा हेतू रघुजी ओळखून होते. पेंढाऱ्यांच्या टोळ्या नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन जाळपोळ करीत. सैन्याचा पगार थकलेला असे. तरीही परकी पलटण राजधानीत येऊ द्यायची नाही, या निश्चयापासून हा राजा ढळला नाही.

व्यंकोजी १८११ मध्ये काशीस वारले. ज्या नगरीत घराण्याचा घाट होता, तेथेच त्यांचा अंत झाला. मागे राहिलेले अप्पासाहेब तेव्हा कोवळ्या वयाचे होते. व्यंकोजींच्या जहागिरीवर रघुजींनी दावा सांगितला आणि चुलता-पुतण्यांत तेढ निर्माण झाली. हा वाद सोडविताना नागपुरातील ब्रिटिश रेसिडेंटच्या मध्यस्थीचा उपयोग झाला आणि जहागिरीचा काही भाग अप्पासाहेबांना परत मिळाला. घरातील भांडण रेसिडेन्सीत नेले तर काही तरी हाती लागते, हा धडा विशीच्या आतील या तरुणाला तेव्हा मिळाला. तो त्याने पुढे फार लवकर गिरविला.

एक दुबळा राजा, दोन पक्ष

२२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघुजी वारले. त्यांचे एकुलते एक औरस पुत्र परसोजी ३८ वर्षांचे होते. परंतु दृष्टी गेलेली, शरीर अर्धांगाने जखडलेले आणि बुद्धीही दुबळी. परसोजींच्या हक्काबद्दल कोणाचाच आक्षेप नव्हता. प्रश्न एवढाच होता की परसोजींच्या नावाने राज्य कोणी करायचे.

एका बाजूला रघुजींच्या पत्नी बाकाबाई होत्या. खजिना व जडजवाहीर ताब्यात असलेले रघुजींचे दासीपुत्र धर्माजी भोसले त्यांच्यासोबत होते आणि घराण्याचे नातलग गुजाबादादा गुजर यांचेही पाठबळ होते. दुसऱ्या बाजूला चुलत बंधू आणि सर्वांत जवळचे पुरुष वारस या नात्याने अप्पासाहेब उभे होते. वाड्याचा ताबा पहिल्या पक्षाकडे होता. अप्पासाहेबांकडे हक्क होता, पण पुरेशी फौज नव्हती.

११ एप्रिलला अप्पासाहेबांनी धर्माजींना कैद केले. १४ एप्रिलला परसोजींना विधिपूर्वक गादीवर बसविण्यात आले आणि अप्पासाहेब मुखत्यार कारभारी झाले. ५ मे रोजी धर्माजी कैदेतच मारले गेले. दरबारात भीती पसरली. विरोधक संपले नव्हते, उलट आता त्यांच्याकडे सूडाचे कारण होते. सरदारांपैकी कोण कोणाच्या बाजूचा हे सांगता येत नव्हते आणि पगार थकलेल्या पथकांना जो पैसे देईल तो आपला, अशी स्थिती होती.

या भीतीतून तो तह जन्माला आला.

रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स कित्येक वर्षे याच संधीची वाट पाहत होते. अप्पासाहेबांच्या वतीने नागोपंत आणि नारायण पंडित यांनी बोलणी केली. दरबाराला कळू न देता, २७ मे १८१६ च्या रात्री तैनाती फौजेच्या तहावर सह्या झाल्या. पायदळाच्या सहा पलटणी आणि घोडदळाची एक तुकडी नागपूरच्या राज्यात राहणार आणि त्यांच्या खर्चापोटी दरसाल साडेसात लाख रुपये राज्याने द्यायचे, असे ठरले. परराज्यांशी कंपनीच्या संमतीवाचून व्यवहार करायचा नाही, हे कलम ओघानेच आले. जूनमध्ये कंपनीची फौज येऊन दाखल झाली. दुसऱ्या रघुजींनी तेरा वर्षे जे टाळले, ते त्यांच्या मृत्यूनंतर सव्वादोन महिन्यांत घडून गेले.

या तहाबद्दल अप्पासाहेबांना सर्वस्वी दोष देणे सोपे आहे. परंतु दरबारातील दुसऱ्या पक्षाने रेसिडेंटकडे जाण्याचे टाळले असते असे मानायला फारसा आधार नाही. गादीचा वाद मिटविण्याची स्वतःची यंत्रणा राज्याजवळ नव्हती. पूर्वी ते काम पुणे करीत असे. १८०२ च्या वसईच्या तहानंतर पुणेच कंपनीच्या छायेखाली गेले. निवाडा देऊ शकेल अशी एकच सत्ता उरली होती आणि तिची किंमत ठरलेली होती.

परसोजींचा मृत्यू

जानेवारी १८१७ मध्ये अप्पासाहेब चांद्याला गेले. ते तेथे असतानाच, १ फेब्रुवारीच्या सकाळी परसोजी नागपूरच्या वाड्यात मृतावस्थेत आढळले. परसोजींच्या पत्नी काशीबाई सती गेल्या. पुत्र नसल्याने गादीचा हक्क अप्पासाहेबांकडे आला. कंपनी सरकारने तो मान्य केला आणि २१ एप्रिल १८१७ रोजी मुधोजी दुसरे म्हणून त्यांचा राज्याभिषेक झाला.

परसोजींचा गळा दाबून खून करण्यात आला आणि तो अप्पासाहेबांच्या सांगण्यावरून झाला, असा निष्कर्ष पुढे जेंकिन्स यांनी काढला. बहुतेक इतिहासकारांनी तो स्वीकारला आहे. मात्र काळाचा क्रम ध्यानात घ्यावा लागतो. मृत्यू घडला तेव्हा कंपनीने नव्या राजाला मान्यता दिली होती. खुनाचे पुरावे गोळा झाले ते एक वर्षानंतर, त्याच राजाला पदच्युत करण्याचा विचार चालू असताना. आरोप खरा असू शकतो, किंबहुना परिस्थिती अप्पासाहेबांच्या विरुद्धच बोलते. पण चौकशी करणाऱ्याला तिच्या निकालात हितसंबंध होता, हेही खरे.

राजा झाल्यानंतर अप्पासाहेबांची भूमिका बदलली. कारभारी असताना त्यांना कंपनीची फौज हवी होती, कारण शत्रू घरात होते. आता घरात शत्रू उरला नव्हता आणि तीच फौज दरसाल साडेसात लाखांचा बोजा व रेसिडेंटचा डोळा होऊन बसली होती. आजोबा आणि चुलते ज्या सनदेने राज्य करीत, ती पेशव्यांकडून आणावी असे त्यांना वाटू लागले. पुण्याशी गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. तहाप्रमाणे तो निषिद्ध होता.

सीताबर्डी

५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी पुण्याजवळ खडकी येथे कंपनीविरुद्ध युद्ध पुकारले. तेथे पेशव्यांचा पराभव झाला, तरीही १९ दिवसांनी, २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रे आणि जरीपटका जाहीर समारंभात स्वीकारला. जेंकिन्स यांनी समारंभास जाण्यास नकार दिला. राजा आपल्या छावणीत जाऊन राहिला. शहरातील व्यापाऱ्यांनी बायकामुले आणि चीजवस्तू हलविण्यास सुरुवात केली.

हा मुहूर्त राजकीयदृष्ट्या अनाकलनीय वाटतो. ज्या पेशव्यांची वस्त्रे घ्यायची, ते स्वतः राजधानी सोडून पळत होते. पण अप्पासाहेबांच्या दृष्टीने वस्त्रांचा अर्थ वेगळा असावा. कंपनीने दिलेली मान्यता कंपनी काढूनही घेऊ शकत होती. प्रजेच्या आणि सरदारांच्या नजरेत राजा होण्यासाठी जुन्या घराचा शिक्का आवश्यक होता. दोन ठिकाणांहून अधिकार घेऊ पाहणारा राजा अखेर दोन्हीकडचा विश्वास गमावून बसला.

रेसिडेन्सी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांच्या पायथ्याशी होती. लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांच्या हाताखालील सुमारे चौदाशे शिपायांनी या टेकड्यांवर जागा धरली. नागपूरची फौज अनेक पटींनी मोठी होती. तिच्यात तीन हजारांहून अधिक अरब होते आणि लढण्याची खरी उमेद त्यांच्यातच होती. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या आणि रात्रभर चालल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लहान टेकडीवर कंपनीच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्या गोंधळात अरबांनी टेकडी काबीज केली आणि तेथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. काही काळ कंपनीची बाजू अगदी बुडण्याच्या बेतात होती. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्ड यांच्या बंगाल घोडदळाने मैदानात उतरून नागपूरच्या स्वारांना मागे रेटले आणि तोफा हस्तगत केल्या. लहान टेकडीवर पुन्हा एक स्फोट झाला, या वेळी अरबांच्या बाजूला. कंपनीच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. २७ तारखेच्या दुपारपर्यंत लढाई संपली. कंपनीचे ३६७ लोक ठार वा जखमी झाले. मृतांत जेंकिन्स यांचे साहाय्यक जॉर्ज सॉदबी हेही होते.

मोठ्या फौजेचा असा पराभव का झाला? अरबांनी टेकडी घेतल्यानंतर बाकीच्या फौजेने जोर लावला असता तर निकाल बदलला असता. पण हजारो स्वार मैदानात पाहत उभे राहिले. ही फौज एका राजाची उरली नव्हती. निम्मे सरदार वारसाच्या वादात दुसऱ्या बाजूला होते किंवा कोणत्याच बाजूला नव्हते. राजा स्वतः रणांगणापासून दूर होता आणि लढाई संपताच त्यांनी रेसिडेंटकडे निरोप पाठवून हा हल्ला आपल्या आज्ञेवाचून झाल्याचे कळविले.

शरण आलेला राजा, लढत राहिलेले सैन्य

कंपनीच्या कुमका येत गेल्या. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठ्या फौजेसह नागपुरात पोचले. १५ तारखेला जेंकिन्स यांनी अटी कळविल्या : फौज बरखास्त करावी, तोफा सोपवाव्यात आणि राजाने रेसिडेन्सीत हजर व्हावे. १६ डिसेंबरच्या सकाळी अप्पासाहेब घोड्यावरून इंग्रजांच्या छावणीत आले आणि स्वाधीन झाले. सैन्य मात्र स्वाधीन झाले नाही. तोफा ताब्यात घेण्यास गेलेल्या इंग्रज फौजेवर गोळीबार झाला आणि सक्करदऱ्याच्या परिसरात लढाई जुंपली. नागपूरच्या तोफखान्यातील बहुतेक तोफा त्या दिवशी गेल्या. अरबांनी शहरात शिरून वाडा धरून ठेवला. वेढा घालणाऱ्यांचा एक हल्ला त्यांनी परतवून लावला आणि बाकी राहिलेला पगार व सुरक्षित वाट यांचे आश्वासन मिळाल्यावरच डिसेंबरच्या अखेरीस शहर सोडले. राजाने सोडून दिलेले राज्य भाडोत्री सैनिकांनी दोन आठवडे लढविले, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

६ जानेवारी १८१८ च्या करारान्वये अप्पासाहेबांना पुन्हा गादीवर बसविण्यात आले. नर्मदेच्या उत्तरेकडील प्रदेश, गाविलगड, नरनाळा आणि वऱ्हाडचा उरलेला भाग कंपनीकडे गेला. सीताबर्डीच्या टेकड्यांवर किल्ला बांधण्याचा अधिकारही कंपनीला मिळाला. राजाने कंपनीच्या विश्वासातील मंत्र्यांमार्फत कारभार करावा असे ठरले. थोडक्यात, गादी राहिली आणि राज्य गेले.

ही व्यवस्था दहा आठवडे टिकली. पळत फिरणाऱ्या बाजीरावांशी अप्पासाहेबांचा संपर्क चालू असल्याचा आणि चांद्याच्या किल्लेदाराला तयारीचे आदेश गेल्याचा संशय जेंकिन्स यांना आला. १५ मार्च १८१८ रोजी अप्पासाहेबांना अटक झाली. परसोजींच्या खुनाचे प्रकरण आता बाहेर काढण्यात आले. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी पदच्युतीचा निर्णय घेतला आणि कैद्याला प्रयागच्या किल्ल्यात ठेवण्याचे ठरले.

प्रयागची वाट आणि सातपुडा

३ मे १८१८ रोजी कॅप्टन ब्राउन यांच्या पहाऱ्यात अप्पासाहेबांची रवानगी झाली. प्रयागपासून काशी सुमारे सव्वाशे किलोमीटर. त्या काळात सत्ता गेलेल्या मराठ्यांना गंगेचा काठ परका राहिला नव्हता. अमृतराव पेशवे आणि चिमाजी अप्पा यांनी काशीचा आश्रय घेतला, बाजीराव बिठूरला गेले. कंपनीचे निवृत्तिवेतन आणि गंगास्नान या दोहोंत उरलेले आयुष्य घालविण्याचा तो मार्ग होता. अप्पासाहेबांपुढे मात्र निवृत्तिवेतन नव्हते, तुरुंग होता.

ते प्रयागला पोचलेच नाहीत. जबलपूरच्या अलीकडे रायचूर या गावी मुक्काम असताना, १३ मे च्या पहाटेपूर्वी, पहाऱ्यावरील काही शिपायांना वश करून आणि शिपायाचाच गणवेश चढवून ते छावणीबाहेर पडले. अंथरुणावर त्यांच्या जागी उशी होती. पहाऱ्यावर बंगाल पलटणीचे शिपाई होते, हे विशेष. कंपनीच्या चाकरीतील या लोकांना एका पदच्युत राजासाठी नोकरी आणि जीव पणाला लावावासा वाटला.

येथून पुढची काही महिने अप्पासाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत अनपेक्षित काळ म्हणावे लागतील. महादेवाच्या डोंगरांत हर्रईचे गोंड जमीनदार चैनशाह यांनी त्यांना आश्रय दिला. गोंड सरदार, बेकार झालेले अरब आणि फौजेतून निघालेले स्वार त्यांच्याभोवती जमले. बैतूल आणि मुलताईच्या परिसरात कंपनीची ठाणी उठविली गेली. जुलै १८१८ मध्ये कॅप्टन स्पार्क्स आणि त्यांची शंभरावर शिपायांची तुकडी जवळजवळ संपूर्ण कापली गेली. राजधानीत असताना ज्या राजाला स्वतःची फौज ऐकत नव्हती, त्याच्यासाठी डोंगरातील माणसे मरण्यास तयार झाली. ज्यांच्यावर भोसल्यांनी राज्य केले, त्याच गोंडांनी हे करावे, यामागे अप्पासाहेबांवरील प्रेमापेक्षा नव्या सत्तेची धास्ती अधिक असावी.

पावसाळा संपताच कंपनीने डोंगराची नाकेबंदी केली. फेब्रुवारी १८१९ मध्ये अप्पासाहेब पेंढारी सरदार चितू याच्यासह अशीरगडाकडे निसटले. चितूला थोड्याच दिवसांत जंगलात वाघाने मारले. अशीरगड शिंद्यांचा. किल्लेदार यशवंतराव लाड यांनी अप्पासाहेबांना थारा दिला, तेव्हा इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घातला. ९ एप्रिल १८१९ रोजी अशीरगड पडला आणि कंपनीच्या ताब्यात गेला. आत अप्पासाहेब नव्हते.

लाहोर, मंडी, जोधपूर

फकिराच्या वेषात ते उत्तरेला गेले. पंजाबात महाराजा रणजितसिंह यांच्याकडून साहाय्य मिळावे ही त्यांची अपेक्षा होती. १८०९ च्या अमृतसरच्या तहाने रणजितसिंह आणि कंपनी यांच्यातील सीमा ठरलेली होती आणि परक्या राज्यासाठी ती मोडण्यात पंजाबच्या या धोरणी राजाला काहीच स्वारस्य नव्हते. काही काळ निर्वाह झाला, फौज मिळाली नाही. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी मंडीच्या राज्यात अप्पासाहेब राहिले.

१८२९ मध्ये ते जोधपूरला आले. महाराजा मानसिंह नाथपंथाचे निस्सीम भक्त होते. शहराबाहेर त्यांनी नाथगुरूंसाठी उभारलेल्या महामंदिरात अप्पासाहेबांना आश्रय मिळाला. कंपनीने त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली. शरण आलेल्याला सोपविणे हे राजपुताच्या धर्माला धरून नाही, या भूमिकेवर मानसिंह ठाम राहिले. कंपनीने अखेर मानसिंहांनाच जामीन धरून प्रकरण तेथे थांबविले. कारण उघड होते. या माणसाकडे आता राज्य, फौज वा पैसा यांपैकी काहीच नव्हते. १५ जुलै १८४० रोजी जोधपूर येथे अप्पासाहेबांचे निधन झाले. त्यांचे वय चाळिशी ओलांडून थोडेच पुढे गेले होते.

नागपुरात

अप्पासाहेब डोंगरात असतानाच, २६ जून १८१८ रोजी, दुसऱ्या रघुजींच्या कन्येचा मुलगा नागपूरच्या गादीवर बसविण्यात आला होता. तिसरे रघुजी या नावाने ओळखले जाणारे हे राजे तेव्हा दहा वर्षांचे होते. बाकाबाईंच्या नावाने आणि जेंकिन्स यांच्या हुकुमाने कारभार चालला. पुढे टप्प्याटप्प्याने राजाला काही अधिकार परत मिळाले.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. दत्तकाचा हक्क पुढे आला, तेव्हा लॉर्ड डलहौसी यांनी १८१८ चा आधार घेतला. अप्पासाहेबांच्या पराभवाने नागपूर हे कंपनीने जिंकलेले राज्य झाले होते आणि तिसऱ्या रघुजींना ते कंपनीने बक्षीस म्हणून दिले होते. बक्षीस घेणारा वारस न ठेवता गेला की राज्य देणाऱ्याकडे परत येते, असा हा युक्तिवाद होता. १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले. भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल नागपुरात लिलावाने विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठविण्यात आले.

वाड्यातील वस्तू बाहेर नेल्या जात होत्या तेव्हा बाकाबाई हयात होत्या. १८०३ चा पराभव, १८१६ चा दरबार, सीताबर्डीच्या तोफा आणि आता हा लिलाव, हे सारे पाहिलेली घराण्यातील ती वृद्ध राणी. राज्य परत मिळावे म्हणून राण्यांनी कलकत्त्यास आणि विलायतेस अर्ज केले, त्यांचा उपयोग झाला नाही. १८५८ मध्ये बाकाबाई वारल्या.